@ च्या एका ओळीत काय घडतं? पायथनमधले डेकोरेटर

आधी कोडबद्दल एक खुलासा. या लेखातला सगळा कोड देवनागरीत लिहिला आहे. स्वतः टाइप करताना डेफ, रिटर्न, इफ, फॉर हे राखीव शब्द, पायथनची स्वतःची नावं आणि आकडे रोमन लिपीत लिहावे लागतील. व्हेरिएबल आणि फंक्शन यांची नावं मात्र तुम्ही देवनागरीतच ठेवली तरी पायथन ३ ती बिनतक्रार स्वीकारतो.

उदाहरणासाठी देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांची प्रसिद्ध संख्या घेऊ. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून दोन संख्या करा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. म्हणजे तीन पायऱ्या. त्या मोजणारं फंक्शन असं:

```
डेफ पायऱ्या(न):
    इफ न == ६१७४:
        रिटर्न ०
    अंक = सॉर्टेड(स्ट्र(न).झेडफिल(४))
    लहान = इंट("".जॉइन(अंक))
    मोठी = इंट("".जॉइन(अंक[::-१]))
    रिटर्न १ + पायऱ्या(मोठी - लहान)
```

झेडफिल(४) हे ९९९ ला ०९९९ करतं. ते विसरलात तर तीन अंकी उत्तर आल्यावर पुढचा हिशोब चुकतो. आणि ११११ दिलीत तर वजाबाकी शून्य, पुढची वजाबाकीही शून्य, असं चालत राहून रिकर्शनएरर येतो, कारण पायथन एकात एक कॉलची मर्यादा सुरुवातीला १००० ठेवतो.

आता या फंक्शनला किती वेळ लागतो ते बघायचं आहे. पहिल्या ओळीच्या आधी घड्याळ बघायचं आणि शेवटच्या ओळीनंतर पुन्हा बघायचं, हा सरळ उपाय. पण इथे रिटर्न दोन ठिकाणी आहे, आणि रिटर्ननंतर लिहिलेली ओळ कधीच चालत नाही. म्हणजे मोजणी दोन्ही रिटर्नच्या आधी लिहावी लागेल. अशी दहा फंक्शन्स असतील तर तोच मजकूर वीस ठिकाणी चिकटवायचा, आणि काम झालं की वीस ठिकाणांहून काढायचा. त्यापेक्षा फंक्शनच्या आत हात न घालता त्याला बाहेरून काही जोडता आलं तर? डेकोरेटर हेच करतो.

त्यासाठी पायथनमधली एक गोष्ट पक्की डोक्यात हवी. फंक्शनचं नाव म्हणजे दारावरची पाटी. घर वेगळं, पाटी वेगळी. `पायऱ्या(३५२४)` असा कंस लावला की फंक्शन चालतं. नुसतं `पायऱ्या` लिहिलं की फंक्शन चालत नाही, फक्त त्याच्याकडे बोट दाखवलं जातं. ते दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं, दुसऱ्या फंक्शनला देता येतं, एखाद्या फंक्शनमधून रिटर्नही करता येतं. आणि पाटी काढून दुसऱ्या घराला लावता येते.

वेळ मोजणारा डेकोरेटर असा:

```
इम्पोर्ट टाइम

डेफ वेळ_मोजा(मूळ):
    डेफ रॅपर(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज):
        सुरुवात = टाइम.पर्फ_काउंटर()
        उत्तर = मूळ(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज)
        लागले = टाइम.पर्फ_काउंटर() - सुरुवात
        प्रिंट(मूळ.__नेम__, लागले)
        रिटर्न उत्तर
    रिटर्न रॅपर
```

`वेळ_मोजा` एक फंक्शन घेतं, आत `रॅपर` नावाचं नवं फंक्शन बनवतं आणि ते परत देतं. परत देताना कंस नाही, हे बघा. `वेळ_मोजा`चं काम संपल्यावरही `रॅपर`ला `मूळ` आठवत राहतं. बाहेरच्या फंक्शनमधलं नाव असं जवळ बाळगणाऱ्या आतल्या फंक्शनला क्लोजर म्हणतात. एक तारा आणि दोन तारे यांचा अर्थ असा की येतील ती सगळी आर्ग्युमेंट्स, नावाने दिलेली असोत वा नुसती क्रमाने, जशीच्या तशी मूळ फंक्शनकडे पाठवायची. त्यामुळे हाच डेकोरेटर एका आर्ग्युमेंटच्या फंक्शनलाही चालतो आणि सात आर्ग्युमेंट्सच्याही. वेळ मोजायला टाइम.टाइम() वापरू नका. संगणकाचं घड्याळ मध्येच दुरुस्त झालं तर फरक ऋणसुद्धा येऊ शकतो. पर्फ_काउंटर मागे जात नाही.

आता पाटी बदलायची:

```
पायऱ्या = वेळ_मोजा(पायऱ्या)
```

जुनं फंक्शन नाहीसं झालेलं नाही. ते रॅपरच्या पोटात आहे. `पायऱ्या` ही पाटी मात्र आता रॅपरवर लागली आहे. आणि हीच ओळ पायथनमध्ये फंक्शनच्या डोक्यावर अशी लिहिता येते:

```
@वेळ_मोजा
डेफ पायऱ्या(न):
    ...
```

@ मध्ये याहून जास्त काही नाही. ही सोय ३० नोव्हेंबर २००४ रोजी आलेल्या पायथन २.४ मध्ये मिळाली. त्याआधी, २.२ पासून, क्लासमधल्या फंक्शनचं वागणं बदलणारे स्टॅटिकमेथड आणि क्लासमेथड होते, पण ते फंक्शन लिहून झाल्यावर खाली वेगळ्या ओळीत लावावे लागत. साठ ओळींचं फंक्शन वाचून खाली पोचेपर्यंत हे साधं फंक्शन नाही याचा पत्ता लागत नसे, आणि तेच नाव तीनदा लिहावं लागे. @ मुळे ती माहिती वर, पहिल्या नजरेत आली.

डेकोरेटर लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच घोटाळा असतो: कोणती ओळ कधी चालते हे नीट ठाऊक नसणं. वरच्या कोडमध्ये दोन वेगळे काळ आहेत. `वेळ_मोजा`चा बाहेरचा भाग फंक्शन तयार होताना एकदाच चालतो, म्हणजे फाइल इम्पोर्ट होते तेव्हाच. `रॅपर`चा आतला भाग दर कॉलला चालतो. डेटाबेसचं कनेक्शन उघडण्याची ओळ चुकून बाहेरच्या भागात पडली, तर कुणीही फंक्शन बोलावलेलं नसताना, नुसत्या इम्पोर्टवर कनेक्शन उघडतं. उलट, एकदाच करायची तयारी आतल्या भागात टाकली तर ती दर कॉलला होते आणि प्रोग्राम विनाकारण मंद होतो.

शेवटचं `रिटर्न रॅपर` विसरलं तर `वेळ_मोजा` नन परत देतं, म्हणजे पायथनमधलं ‘काहीच नाही’. पाटी त्या ननवर लागते. इम्पोर्टच्या वेळी काहीच तक्रार येत नाही. पहिल्या कॉलला ‘ननटाइप ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’ असा एरर येतो आणि माणूस मूळ फंक्शनमध्ये चूक शोधत बसतो. `रिटर्न रॅपर()` असा कंस लावला तर रॅपर तिथल्या तिथे, आर्ग्युमेंटशिवाय चालायला जातो आणि इम्पोर्टलाच कोसळतो. आतलं `रिटर्न उत्तर` विसरणं सगळ्यात त्रासाचं, कारण बऱ्याच फंक्शन्समध्ये एरर येतच नाही. उत्तर मुकाट्याने नन होतं आणि गडबड पुढे कुठेतरी उघडी पडते. आपल्या उदाहरणात ती लगेच कळते. सर्वात आतल्या कॉलचं ० वाटेत हरवतं, आणि १ मध्ये नन मिळवायला गेल्यावर टाइपएरर येतो.

आता `@वेळ_मोजा` लावून `पायऱ्या(३५२४)` चालवा. एक ओळ छापून येईल असं वाटतं, पण येतात चार. कारण फंक्शनच्या आत `पायऱ्या(मोठी - लहान)` लिहिलं आहे, आणि त्या नावाकडे पायथन कॉलच्या क्षणी बघतो. तेव्हा पाटी रॅपरवर असते. म्हणजे ३५२४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४ हे चारही कॉल रॅपरमधून जातात. छपाई कॉल संपल्यावर होते, म्हणून पहिली ओळ ६१७४ ची आणि शेवटची ३५२४ ची, आणि दर ओळीत वेळ वाढत जातो, कारण आतल्यांचा वेळ बाहेरच्यात धरलेला असतो. स्वतःला बोलावणाऱ्या फंक्शनवर घड्याळ लावायचं नाही. त्याला वापरणाऱ्या बाहेरच्या फंक्शनवर लावायचं.

पण नेमकी हीच गोष्ट कॅशच्या कामी येते. पायथनबरोबर येणाऱ्या फंकटूल्स मॉड्यूलमध्ये ३.२ पासून एलआरयू_कॅश आहे. तो दिलेलं आर्ग्युमेंट आणि आलेलं उत्तर लक्षात ठेवतो आणि तेच आर्ग्युमेंट पुन्हा आलं की मूळ फंक्शन न चालवता उत्तर देतो.

```
@एलआरयू_कॅश(मॅक्ससाइज=नन)
डेफ पायऱ्या(न):
    ...
```

०००० ते ९९९९ मधल्या चारही अंक सारखे असलेल्या दहा संख्या वगळून उरलेल्या ९९९० संख्यांवर हे चालवा आणि `पायऱ्या.कॅश_इन्फो()` बघा: मिसेस (उत्तर काढावं लागलं) ९९९०, हिट्स (आयतं मिळालं) ९९८९. म्हणजे मूळ फंक्शन प्रत्येक संख्येसाठी बरोबर एकदा चाललं, आणि पुढच्या पायरीचं उत्तर एकतर तेव्हाच काढलं गेलं किंवा आयतं मिळालं. इथे कॅश इतका फळतो याला गणिती कारण आहे. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ मानले तर वजाबाकी ९९९(क−घ) + ९०(ख−ग) इतकी येते. या दोन फरकांच्या शक्य जोड्या फक्त ५४. म्हणजे ९९९० संख्या एका पायरीत ५४ संख्यांवर येऊन पडतात. एकदा त्या ५४ ठाऊक झाल्या की उरलेल्यांना एकच वजाबाकी पुरते. आतला कॉलही रॅपरमधून जातो म्हणूनच हे जमतं.

मॅक्ससाइज म्हणजे किती उत्तरं लक्षात ठेवायची ती मर्यादा, आणि नन म्हणजे मर्यादा नाही. मॅक्ससाइज न सांगता कॅश लावला तर तो १२८ धरतो आणि सर्वात जास्त काळ न वापरलेलं उत्तर आधी काढून टाकतो. पायथन ३.९ पासून मर्यादा नसलेल्या प्रकारासाठी नुसता `@कॅश` आहे. वापरताना पथ्यं पाळावी लागतात. आर्ग्युमेंट हॅश होण्याजोगं, म्हणजे साधारणपणे नंतर न बदलणारं, हवं. लिस्ट किंवा डिक्शनरी दिली तर टाइपएरर येतो, लिस्टऐवजी टपल द्या. उत्तर म्हणून लिस्ट देत असाल तर सावध राहा, कारण प्रत्येकाला तीच लिस्ट मिळते आणि एकाने तिच्यात भर घातली की ती सगळ्यांना दिसते. क्लासमधल्या मेथडवर लावलात तर सेल्फसुद्धा कॅशमध्ये अडकून राहतो आणि ते ऑब्जेक्ट मेमरीतून सुटत नाही. आणि या कॅशला शिळं काय ते कळत नाही. सोन्याचा भाव आणणाऱ्या फंक्शनवर तो लावला तर सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत सकाळचाच भाव दिसेल.

रॅपरमुळे आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे मूळ फंक्शनची ओळख. `पायऱ्या.__नेम__` विचारलं तर ‘रॅपर’ असं उत्तर येतं. हेल्प() मध्ये तुम्ही लिहिलेली माहिती दिसत नाही, लॉगमध्ये सगळ्या फंक्शन्सचं नाव रॅपर. वेबसाइट बनवायच्या फ्लास्क या फ्रेमवर्कमध्ये तर यावरून काम थांबतं. तो `__नेम__`वरून एंडपॉइंटचं, म्हणजे पानाच्या नोंदीचं, नाव ठरवतो, त्यामुळे असा डेकोरेटर लावलेली दोन व्ह्यू फंक्शन्स (पान तयार करणारी) आली की दुसऱ्याच्या वेळी आधीचा एंडपॉइंट खोडला जातोय असा असर्शनएरर येतो. उपाय एका ओळीचा आहे. फंकटूल्समधला रॅप्स घ्यायचा आणि रॅपरच्या डोक्यावर `@रॅप्स(मूळ)` लिहायचं. तो नाव, मॉड्यूल, डॉकस्ट्रिंग, टाइपच्या नोंदी रॅपरवर आणतो, आणि मूळ फंक्शन `__रॅप्ड__` या नावाने हाताशी ठेवतो. टेस्ट लिहिताना `पायऱ्या.__रॅप्ड__(६१७४)` असं थेट मूळ फंक्शन बोलावता येतं. ही ओळ प्रत्येक डेकोरेटरमध्ये हवी, अगदी दहा मिनिटांसाठी लिहिलेल्यातही.

आता थोडा अवघड भाग. डेकोरेटरलाच काही सांगायचं असेल तर? नेटवर्क अडखळलं तर तीनदा प्रयत्न कर, मध्ये दोन सेकंद थांब, असं:

```
डेफ पुन्हा_प्रयत्न(वेळा=३, थांबा=२):
    डेफ डेकोरेटर(मूळ):
        @रॅप्स(मूळ)
        डेफ रॅपर(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज):
            फॉर फेरी इन रेंज(१, वेळा + १):
                ट्राय:
                    रिटर्न मूळ(*आर्ग्ज, **क्वार्ग्ज)
                एक्सेप्ट कनेक्शनएरर:
                    इफ फेरी == वेळा:
                        रेझ
                    टाइम.स्लीप(थांबा)
        रिटर्न रॅपर
    रिटर्न डेकोरेटर

@पुन्हा_प्रयत्न(वेळा=३, थांबा=२)
डेफ हवामान_आणा(गाव):
    ...
```

तीन थर बघून घाबरायला होतं, पण @ चा नियम तोच. @ पुढचं जे काही आहे ते पायथन आधी चालवतो. इथे तिथे कंस आहे, म्हणून `पुन्हा_प्रयत्न(वेळा=३, थांबा=२)` हा कॉल होतो आणि त्यातून `डेकोरेटर` मिळतो. मग तो मिळालेला डेकोरेटर `हवामान_आणा`ला लागतो. बाहेरचा थर सेटिंग घेतो, मधला फंक्शन घेतो, आतला दर कॉलची आर्ग्युमेंट्स घेतो. तिघांनीही आपापल्या आतल्याला रिटर्न करायचं. तीन प्रयत्न फसले तर थांबणं दोनदाच होतं, म्हणजे चार सेकंद, आणि शेवटचा एरर `रेझ`मुळे बोलावणाऱ्यापर्यंत पोचतो. तो गिळू नका.

कंस विसरून नुसतं `@पुन्हा_प्रयत्न` लिहिलं तर काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. आता `हवामान_आणा` हे फंक्शन `वेळा`च्या जागी जाऊन बसतं आणि पाटी लागते मधल्या `डेकोरेटर`वर. `हवामान_आणा("नाशिक")` म्हटलं की ‘नाशिक’ हे `मूळ` समजलं जातं आणि एक रॅपर परत येतो. एरर नाही, हवामान नाही, हातात एक फंक्शन. उत्तराच्या जागी फंक्शन छापलेलं दिसलं की आधी हा कंस तपासा. सगळ्या सेटिंगना ठरलेल्या किमती असल्या तरी `@पुन्हा_प्रयत्न()` असा रिकामा कंस हवाच.

या डेकोरेटरमध्ये आणखी खाचा आहेत. रॅपरमध्ये फेऱ्या मोजायला `वेळा -= १` लिहिलं तर अनबाउंडलोकलएरर येतो, कारण ज्या नावाला आत काही दिलं ते नाव पायथन आतलंच मानतो. नेटवर शोधल्यावर नॉनलोकल वापरा असा सल्ला मिळतो. त्याने एरर जातो, पण `वेळा` सगळ्या कॉल्सची सामायिक असते. पहिल्या कॉलने ती कमी केली की पुढच्या कॉलला प्रयत्नच उरत नाहीत. म्हणून इथे वेगळी `फेरी` आहे. दुसरी खाच: रिक्वेस्ट्स लायब्ररीचा कनेक्शनएरर आणि पायथनचा कनेक्शनएरर नावाने सारखे, पण वेगवेगळे आहेत. रिक्वेस्ट्स वापरत असाल तर तिच्याच एक्सेप्शन्समधला पकडा, नाहीतर एकही पुनर्प्रयत्न होणार नाही. त्यावर कंटाळून कुठलाही एरर पकडणारा एक्सेप्ट लिहू नका. फंक्शनच्या नावातली टायपोची चूकसुद्धा मग तीनदा, चार सेकंद थांबून, चालवली जाईल. आणि पैसे पाठवणाऱ्या फंक्शनवर असा डेकोरेटर डोळे मिटून लावू नका. पहिल्या प्रयत्नात पैसे गेले आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं, तर दुसऱ्या प्रयत्नात ते पुन्हा जातील. समोरची सेवा तीच विनंती दुसऱ्यांदा आली हे ओळखत असेल तरच लावा.

एका फंक्शनवर दोन डेकोरेटर असले तर खालचा आधी लागतो आणि वरचा त्याच्यावर चढतो. कॉल येतो तेव्हा उलट, वरून आत. `वेळ_मोजा` वर आणि `पुन्हा_प्रयत्न` खाली असेल तर थांबण्यासह एकूण वेळ मिळतो. क्रम उलटा केला तर प्रत्येक प्रयत्नाचा वेगळा वेळ मिळतो, पण फसलेल्या प्रयत्नांचा मिळत नाही, कारण एरर आला की छपाईच्या ओळीपर्यंत पोचणंच होत नाही. तोही हवा असेल तर मूळ कॉल ट्रायमध्ये आणि छपाई फायनलीमध्ये घाला. हा क्रम कधी कधी सुरक्षेचा प्रश्न असतो. पानाचा पत्ता फंक्शनला जोडणारा फ्लास्कचा रूट हा डेकोरेटर ज्या फंक्शनला लागतो त्याचीच नोंद करून ठेवतो. लॉगिन तपासणारा डेकोरेटर रूटच्या वर लिहिला तर नोंद होते ती आतल्या, तपासणी नसलेल्या फंक्शनची. पान कुणालाही उघडतं आणि कोड वाचताना मात्र तपासणी डोळ्यांसमोर दिसत असते. रूट नेहमी सर्वात वर.

एसिंक फंक्शनवर, म्हणजे काम मध्येच थांबवून नंतर पुढे चालवता येणाऱ्या फंक्शनवर, आपला `वेळ_मोजा` जवळजवळ शून्य वेळ दाखवेल. अशा फंक्शनला बोलावलं की फक्त कोरुटीन (अजून न चाललेलं काम) तयार होऊन येतं, खरं काम अवेटनंतर होतं. त्यासाठी रॅपरही एसिंक करावा लागतो आणि आत `मूळ`ला अवेट करावं लागतं. आणि फंक्शनच्या पूर्ण कामाऐवजी मधल्या चार ओळींचाच वेळ हवा असेल तर डेकोरेटर उपयोगाचा नाही, विथ ब्लॉक वापरा.

डेकोरेटर अडला आणि कुठे बिघडलं ते कळत नसेल, तर @ ची ओळ पुसा आणि फंक्शनच्या खाली `हवामान_आणा = पुन्हा_प्रयत्न(वेळा=३, थांबा=२)(हवामान_आणा)` असं लांब रूप लिहा. मग ते एकेका कंसाशी तोडून मधलं प्रत्येक उत्तर प्रिंट करा. जिथे फंक्शन यायला हवं तिथे नन दिसला, किंवा जिथे उत्तर यायला हवं तिथे फंक्शन दिसलं, तर त्याच थराचा रिटर्न किंवा कंस चुकला आहे.